विश्वकिरण मोजायचे आहेत? साताऱ्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की वर्गातलं कुणीतरी विचारतं, "सर, आपण फुगा कधी सोडायचा?" त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं: थर्माकोलचा डबा, त्यातला कॅमेरा, काळं आकाश आणि खाली गोलाई घेतलेली पृथ्वी. माझं उत्तर ठरलेलं आहे. फुगा सगळ्यात शेवटी. आधी दोन गायगर नळ्या (आतून कण गेला की टिक करणाऱ्या), हवेचा दाब मोजणारा एक सेन्सर, एक दोनशेपानी वही आणि महाबळेश्वरच्या एस.टी.चं तिकीट.

मी हे उत्साहावर पाणी टाकायला सांगत नाही. या विषयात मोजणी करणं सोपं आहे. नळी टिकटिकते, आकडा पडद्यावर येतो. अवघड आहे ते हे सांगणं, की तो आकडा कशाचा आहे. आकाशातून आलेल्या कणाचा, अंगणातल्या मातीचा, भिंतीतल्या विटेचा, की यंत्रातल्याच गडबडीचा? गेल्या शंभराहून जास्त वर्षांत ज्यांनी फुगे आणि उपग्रह पाठवले, ते सगळे याच प्रश्नाशी झुंजत आले. तो प्रश्न घरी, टेबलावर एकदा सोडवला की पुढचं सगळं समजायला लागतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

कशाच्या मागे लागलो आहोत

विश्वकिरण हे नाव फसवं आहे. ते प्रकाशासारखे किरण नसून बहुतांश अणूंची केंद्रकं आहेत. दर शंभरात साधारण नव्वद प्रोटॉन, नऊएक हेलियमची केंद्रकं आणि उरलेल्यात लोखंडापर्यंतची आणि त्यापलीकडची जड केंद्रकं, थोडे इलेक्ट्रॉन. हे झाले मूळ कण, म्हणजे प्राथमिक विश्वकिरण. ते वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजन-ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळतात, तिथे नव्या कणांचा फवारा उडतो, आणि त्या फवाऱ्यातले म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण बरेच जड कण, आपल्यापर्यंत पोहोचतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक. तळहात आडवा धरला तर दर सेकंदाला एखादा म्यूऑन त्यातून आरपार जातो.

म्हणजे साताऱ्यात बसून आपण मोजतो ती पोरं. आईबाप वरच राहिले. त्यांना गाठायचं तर फुगा किंवा उपग्रह लागतो.

पायरी पहिली: एक संध्याकाळ नुसतं बघण्यासाठी

ही पायरी मोजणीची नाही, पण वगळू नका. काचेचा छोटा फिशटँक, आतून वरच्या बाजूला चिकटवलेली नमद्याची पट्टी, तिच्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाली काळा रंग दिलेला धातूचा पत्रा आणि त्या पत्र्याखाली ड्राय आइस. बाजूने एलईडी टॉर्चचा आडवा झोत. हा झाला क्लाउड चेंबर. हात धुवायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असतं. ड्राय आइस पुण्याहून आणावा लागतो. तो उणे ७८ अंशांवर असतो, म्हणून जाड हातमोजे हवेतच. हवाबंद डब्यात तो भरू नका, डबा फुटतो. गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवा, कारण त्याचा सगळा कार्बन डायऑक्साइड वायू होत असतो.

पत्रा गार झाला की दहा-पंधरा मिनिटांनी तळाशी धुक्याचा थर बसतो आणि त्यात रेघा उमटायला लागतात. जाड, आखूड, खडूने ओढल्यासारखी रेघ म्हणजे अल्फा कण; हा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा. बारीक, वेडीवाकडी रेघ इलेक्ट्रॉनची. आणि बारीक, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली रेघ बहुधा म्यूऑनची. एकाच डब्यात जमिनीचे आणि आकाशाचे पाहुणे शेजारी शेजारी दिसतात. गायगर नळीला यांच्यातला फरक कळत नाही. तिच्यासाठी सगळ्यांची टिक सारखीच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या पायरीला दोन नळ्या कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पायरी दुसरी: दोन नळ्यांची साक्ष

बाजारात एसबीएम-२० किंवा जे३०५ जातीच्या नळ्या आणि त्यांना लागणारे बोर्ड ऑनलाइन मिळतात. नळीला साधारण ४०० व्होल्ट लागतात. प्रवाह अगदी कमी असला तरी झटका बसतो, म्हणून तो भाग नीट झाकून घ्या आणि शाळेतल्या मुलांनी हे काम मोठ्यांसमोरच करावं.

एकच नळी चालू केलीत तर मिनिटाला वीसएक टिका मिळतील. त्यातल्या बऱ्याचशा माती, भिंती आणि रेडॉन यांच्या असतात. आपण दख्खनच्या काळ्या कातळावर राहतो हे इथे आपलं भाग्य. बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम कमी; ग्रॅनाइटच्या मुलखात हाच प्रयोग करणाऱ्याला जमिनीचा गोंगाट जास्त सोसावा लागतो. तरी गोंगाट आहेच.

उपाय १९२९-३० च्या सुमारासचा आहे. वाल्थर बोथे आणि वेर्नर कोलहोर्स्टर यांनी दोन नळ्या एकावर एक ठेवल्या, आणि ब्रुनो रॉसीने दोन्ही नळ्या एकाच क्षणी वाजल्या तरच मोजणारं सर्किट बनवलं. यालाच कोइन्सिडन्स म्हणतात. म्यूऑन वरच्या नळीतून घुसून खालच्या नळीतून बाहेर पडतो, दोघी एकदम साक्ष देतात. मातीतून आलेला गॅमा किरण शक्यतो एकाच नळीत संपतो. आज हेच काम आर्डुइनो किंवा ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड करतो.

नळ्या समांतर, मध्ये पाचएक सेंटिमीटर अंतर. मधल्या जागेत लोखंडाची जाड पट्टी सरकवा. जुन्या तराजूची चपटी मापं मिळाली तर उत्तम. एका नळीतून उसळून दुसरीत जाणारे कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यात अडतात, म्यूऑनला तेवढं लोखंड म्हणजे काहीच नाही.

आता खोट्या साक्षी किती, याचा हिशेब करा. दोन्ही नळ्या मिनिटाला २० वाजतात, आणि सर्किट १०० मायक्रोसेकंदांच्या आतल्या जोडीला 'एकाच क्षणी' मानतं असं धरा. योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या म्हणजे दोन गुणिले वीस गुणिले वीस गुणिले ती १०० मायक्रोसेकंदांची खिडकी. खिडकी मिनिटांत मांडून गुणाकार केला की उत्तर येतं: दिवसाला जेमतेम दोन. आणि खऱ्या जोड्या या मांडणीत मिनिटाला साधारण एक, म्हणजे दिवसाला चौदाशेच्या आसपास. चौदाशेमागे दोन खोट्या. एका नळीवर निम्म्याहून जास्त टिका परक्या होत्या, तिथून आपण इथवर आलो.

यंत्र खरंच म्यूऑन मोजतंय का, याची एक झकास परीक्षा आहे. अख्खी जोडी तिरपी करा. म्यूऑन बहुतेक वरून येतात. उभ्या दिशेपासून ६० अंश कललात की संख्या साधारण एक चतुर्थांशावर येते. तुमचा आकडा कलल्यावर घसरला नाही, तर तो म्यूऑनचा नाही. सर्किट तपासा आणि तोवर पुढे जाऊ नका. अशा वेळी मुलं आकडेवारी 'सुधारायला' बघतात. तसं कधीही करू नये. न घसरलेला आकडाही तारखेसकट वहीत राहिला पाहिजे.

पायरी तिसरी: वर्गमूळ

हे एवढं कळलं तर निम्मं भौतिकशास्त्र कळलं, असं मला मनापासून वाटतं. १०० कण मोजले तर त्यात साधारण १० इकडे-तिकडे होणार, म्हणजे १० टक्के. १०,००० मोजले तर १००, म्हणजे १ टक्का. मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ ही तिची स्वाभाविक थरथर.

आता सातारा आणि महाबळेश्वर यांची तुलना बघू. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर, महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास. तेवढं चढताना हवेचा दाब साठ-पासष्ट हेक्टोपास्कलने कमी होतो. म्यूऑनची संख्या दर हेक्टोपास्कलला ०.१ ते ०.२ टक्के बदलते, म्हणजे फरक ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या घरात. तुम्ही शनिवारी गेलात, वेण्णा लेकला तासभर यंत्र मांडलंत आणि साठ कण मोजून परत आलात, तर तुमची थरथरच तेरा टक्के. फरक दिसेल किंवा उलटाही दिसेल. दोन्ही निष्कर्ष बिनकामाचे.

दहा हजार कण हवे असतील तर मिनिटाला एकाच्या वेगाने सात दिवस लागतात. एक आठवडा साताऱ्यात, एक आठवडा महाबळेश्वरात, पुन्हा एक आठवडा साताऱ्यात. शेवटचा आठवडा यासाठी की मधल्या काळात यंत्रच बदललं नाही ना, हे कळावं. मुक्कामाला कुणाचं घर बघा, छपराखालीच मांडा, पण दोन्हीकडे छप्पर सारखं हवं. एकीकडे पत्रा आणि दुसरीकडे दोन मजल्यांचा स्लॅब असं झालं की तुलना बिघडली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. महाबळेश्वरचा पाऊस ४०० व्होल्टच्या जोडण्यांना मानवत नाही. सांगलीचे असाल तर आणखी बरं, तुम्ही ५५० मीटरवरून सुरुवात करता, म्हणजे फरक जास्त मिळतो. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात यंत्र घेऊन जाऊ नका. ती जागा तुडवून मिळवलेला आकडा मला नको.

एस.टी.त डबा नेताना झाकण पारदर्शक ठेवा आणि कॉलेजचं किंवा शाळेचं पत्र जवळ असू द्या. तारा आणि लुकलुकणारा दिवा असलेल्या बंद डब्याबद्दल कंडक्टरने शंका घेतली तर त्यात त्याचं काही चुकत नाही.

दाब रोज, तासातासाला नोंदवा. बीएमपी२८० सेन्सर पुरतो. दाब वाढला की वर हवेचं ओझं वाढलं, म्यूऑन कमी झाले. एका जागी महिनाभर यंत्र चाललं की दाबाचा आलेख आणि म्यूऑनचा आलेख एकमेकांच्या उलट झुकू लागतात का, ते बघा.

डोंगर आणि फुगा यांत फरक काय

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक नवखे इथे घसरतात. एकच नळी घेऊन डोंगर चढलात आणि टिका वाढल्या, तर त्या आकाशामुळेच वाढल्या का? साताऱ्यात पायाखाली काळा कातळ, महाबळेश्वरात जांभा. जांभा बनताना पावसाने बरंच काही धुऊन जातं आणि थोरियमसारखी न विरघळणारी मूलद्रव्यं मागे साचतात. म्हणजे जमीनच बदलली. आपण कितीही उंच चढलो तरी जमीन पायाखालीच राहते.

ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेसच्या पायाखाली ती नव्हती, म्हणून त्याचा प्रयोग निर्णायक ठरला. त्याआधी १९१० मध्ये थिओडोर वुल्फ विद्युतमापी घेऊन आयफेल टॉवरवर चढला. प्रारण कमी झालं, पण जमिनीचं असतं तर जेवढं कमी व्हायला हवं होतं तेवढं नाही. इटलीच्या डोमेनिको पाचिनीने उलट वाट धरली. १९११ मध्ये त्याने लिव्होर्नोच्या समुद्रात तीन मीटर खोल यंत्र बुडवलं आणि प्रारण पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी घटलेलं पाहिलं. खालून येत असतं तर वरच्या पाण्याने ते घटलं नसतं. ७ ऑगस्ट १९१२ रोजी हेस हायड्रोजनच्या फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर गेला. सुरुवातीला आकडा थोडा उतरला, कारण जमीन दूर गेली; मग चढायला लागला आणि चढतच राहिला. त्याच वर्षी एप्रिलमधल्या सूर्यग्रहणात तो वर गेला होता, तेव्हाही आकडा घटला नव्हता, म्हणजे हे सूर्याकडून येत नव्हतं. १९३६ चं नोबेल त्याला मिळालं. त्या सुरुवातीच्या किंचित उताराला मी फार मानतो. जमिनीचा वाटा आणि आकाशाचा वाटा तिथे एकाच आलेखात वेगळे झालेले दिसतात.

पाचिनीचा प्रयोग मात्र आपल्याकडे करता येतो, समुद्र नसला तरी. वाळवा, तासगाव, कराड, कुठेही भरलेली रुंद विहीर गाठा. यंत्र पाणी न शिरणाऱ्या डब्यात, डब्याला पुरेसं वजन, वर मजबूत दोर, आणि डबा विहिरीच्या मधोमध, कडेच्या दगडांपासून लांब. मधलं पाणी कडेचा गॅमा गिळून टाकतं. आधी पृष्ठभागाजवळ, मग तीन मीटर खाली. कठड्यावर दोन मोठी माणसं, आणि विहिरीत उतरायचं नाही, दोरानेच सोडायचं-ओढायचं. ही अट पोहता येणाऱ्यांनाही लागू.

पायरी चौथी: आणखी वर का जायचं

आपल्या डोक्यावरची हवा वजनाने दहा मीटर पाण्याच्या थराइतकी आहे. मूळ प्रोटॉन त्यातून जाताना सरासरी नव्वदएक सेंटिमीटर पाण्याइतकं अंतर कापतो आणि आदळतो. म्हणजे जमिनीपर्यंत यायला त्याला दहा-अकरा वेळा नशीब साथ द्यायला हवं. कुणाचंच देत नाही. फुगा ३८-४० किलोमीटरवर नेला तर वर उरते फक्त तीन ते पाच सेंटिमीटर पाण्याइतकी हवा. तिथे मूळ कण बहुतांशी मूळ रूपात सापडतात.

मधे एक गंमत आहे. वर जाताना कणांची संख्या सारखी वाढत राहत नाही. साधारण १५ ते २० किलोमीटरवर ती कळसाला पोहोचते आणि मग उतरते, कारण त्याच्या वर फवारा अजून पुरता फुललेला नसतो. १९३० च्या दशकात एरिख रेगेनर आणि गेओर्ग फोट्झर यांनी फुग्यांनी हा कळस दाखवला. नवख्याच्या छोट्या फुग्यालाही तो गाठता येतो, म्हणून पहिल्या उड्डाणाचं उद्दिष्ट तोच ठेवा.

या कामाचा आपल्या देशातला वारसा मोठा आहे. होमी भाभांनी १९३७ मध्ये वाल्टर हाइटलरबरोबर कणांच्या फवाऱ्याचा सिद्धांत मांडला, युद्धामुळे भारतात राहिले, बंगळुरूत विश्वकिरणांचं संशोधन उभं केलं आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. विभा चौधुरी आणि देवेंद्रमोहन बोस दार्जिलिंग-संदकफूच्या उंचीवर फोटोच्या काचा ठेवून कणांच्या वाटा शोधत होते. टाटा संस्थेचं फुगा केंद्र हैदराबादला आहे. तिथे पॉलिथिनच्या अतिशय पातळ कागदाचे प्रचंड फुगे बनतात, हायड्रोजन भरून रात्रीच्या वेळी सोडले जातात आणि ३० ते ४२ किलोमीटरपर्यंत जातात. यंत्रं पॅराशूटने उतरतात. तेलंगण-कर्नाटकात तुमचे नातेवाईक शेती करत असतील तर त्यांना सांगून ठेवा: रंगीत पॅराशूट आणि पांढरा डबा रानात सापडला तर उघडू नका, डब्यावरच्या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. त्या डब्यात कुणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत असते.

हैदराबादचा आणखी एक फायदा. पृथ्वीचं चुंबकत्व विषुववृत्ताजवळ कमी ऊर्जेच्या मूळ कणांना वरच्या वर परतवून लावतं. दक्षिण भारतावर ही चाळणी जगातल्या सर्वांत कडक चाळण्यांपैकी एक, सुमारे १७ जीव्हीची आहे (जीव्ही म्हणजे गिगाव्होल्ट; कण चुंबकाने वळायला किती अवघड, याचं माप). क्ष-किरणांचं खगोलशास्त्र करणाऱ्याला त्यामुळे शांत आकाश मिळतं. ज्याला कमी ऊर्जेचे विश्वकिरणच बघायचे आहेत, त्याने मात्र ध्रुवाकडे जावं. अंटार्क्टिकावर उन्हाळ्यात वारे ध्रुवाभोवती गोल फिरतात आणि सूर्य मावळत नाही, म्हणून फुगा आठवडेच्या आठवडे तरंगतो. 'क्रीम' हा प्रयोग २००४-०५ मध्ये तिथे ४२ दिवस उडाला.

पायरी पाचवी: तुमचा फुगा

आता परवानगी. मोकळा सोडलेला फुगा विमानांच्या वाटेत जातो. हवाई वाहतूक महासंचालनालय आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांच्या मंजुरीशिवाय तो सोडायचा नाही. जवळच पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, कोल्हापूरला विमानतळ, कराडला धावपट्टी. अर्ज एखाद्या महाविद्यालयाने किंवा संस्थेने करावा, एकट्या हौशी माणसाने नाही. यात महिने जातात. तोवर डबा घडवा.

वाऱ्याचा विचार असा. हिवाळ्यात आपल्यावर उंचावरचे वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. साताऱ्याहून सुटलेला फुगा खटाव, माण, पुढे सोलापूरच्या दिशेने जातो. तिकडचं रान उघडं, ज्वारी-हरभऱ्याचं, डबा लांबून दिसतो. पावसाळ्यात वरचे वारे उलटतात आणि फुग्याला सह्याद्रीच्या जंगलाकडे, कोकणाकडे ढकलतात. तेव्हा सोडूच नका. आणि कृष्णाकाठचा ऊस टाळा. बारा फुटी उसात पडलेला डबा दहा पावलांवरूनही दिसत नाही, आणि शोधताना शेतकऱ्याचं पीक तुडवलं जातं. सुटण्याआधी दोन दिवस वाऱ्याच्या अंदाजावरून उतरायची जागा काढा. ती उसाच्या पट्ट्यात येत असेल तर दिवस बदला.

रबरी हवामान-फुगा घ्या, १,००० ते १,६०० ग्रॅमचा. वायू हेलियमच. हवामान खातं हायड्रोजन वापरतं ते प्रशिक्षित माणसांच्या हातून; नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. सेकंदाला पाच मीटर चढला तर ३० किलोमीटर गाठायला शंभर मिनिटं लागतात. एक किलोमीटरचा थर दोनशे सेकंदांत मागे पडतो, आणि तेवढ्या वेळात जेवढे कण मोजाल त्यांचं वर्गमूळ ही त्या थराची अचूकता. म्हणून फुग्यावर कोइन्सिडन्सबरोबर प्रत्येक नळीचा स्वतंत्र आकडाही साठवा.

डब्यात चार गोष्टी हमखास फसतात. पहिली, जीपीएस. पुष्कळशी मॉड्यूल्स १८ किलोमीटरच्या वर गप्प होतात. उंच उड्डाणाची खास सेटिंग असलेलं मॉड्यूल घ्या आणि ती सेटिंग खरंच लागली आहे का ते बघा. दुसरी, थंडी. सोळा-सतरा किलोमीटरवर उणे ७५-८० अंश असतात. साधे सेल मरतात, न चार्ज होणारे लिथियम सेल टिकतात. तिसरी, रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीचा लोरा (लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) विनापरवाना चालतो, बाकी लहरींसाठी हौशी रेडिओचा परवाना लागतो. आणि चौथी कुणी सांगत नाही: विरळ हवेत ४०० व्होल्ट सहज ठिणगी टाकतात. जमिनीवर महिनोन्महिने व्यवस्थित चाललेलं सर्किट वीस-तीस किलोमीटरवर स्वतःच्याच ठिणग्या मोजायला लागतं आणि आलेखात सुंदर कळस दिसतो, जो विश्वकिरणांचा नसतो. ४०० व्होल्टच्या सगळ्या जोडण्या सिलिकॉनमध्ये पूर्ण बुडवा आणि निर्वात पंपाच्या बरणीखाली आधी तपासून घ्या.

पायरी सहावी: उपग्रहांची वही उघडा

ही पायरी फुग्याची परवानगी येईपर्यंत सुरू करता येते, आणि खर्च शून्य.

उपग्रहाच्या कामाची सुरुवातच एका चुकलेल्या आकड्याने झाली. एक्सप्लोरर-१ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह ३१ जानेवारी १९५८ ला सुटला. त्यावर जेम्स व्हॅन अॅलनची गायगर नळी होती, विश्वकिरण मोजायला. कमी उंचीवर आकडे अपेक्षेप्रमाणे, आणि जास्त उंचीवर चक्क शून्य. नळी बिघडली असं कुणीही म्हणालं असतं. कार्ल मॅक्इलवेन या त्यांच्या विद्यार्थ्याने तशीच नळी प्रयोगशाळेत तीव्र क्ष-किरणांपुढे धरली. तिचा आकडाही कोसळला. कण इतके जास्त होते की एका टिकेनंतर सावरायला नळीला वेळच मिळत नव्हता. ते शून्य म्हणजे ओसंडून वाहणं होतं. पृथ्वीभोवतीचे प्रारणपट्टे असे सापडले. तुमच्या फुग्यावरही आकडा अचानक पडला तर आधी हा प्रसंग आठवा.

आता आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा एएमएस-०२ बघा. साडेसात टनांचं यंत्र, १९ मे २०११ पासून तिथे. मधे कायमचुंबक, कणाची वाट कुठल्या बाजूला वळते यावरून धन की ऋण कळतं, किती वळते यावरून संवेग. वर-खालच्या पट्ट्या वेग मोजतात, बाकीचे थर विद्युतभार आणि ऊर्जा. एकाच कणाला अनेक साक्षीदार विचारतात, आणि साक्षी जुळल्या तरच तो नोंदला जातो. तुमच्या दोन नळ्यांचंच हे विस्तारलेलं रूप आहे. भारतीय उदाहरण हवं तर १९८५ चा 'अनुराधा'. स्पेस शटलवरच्या स्पेसलॅब-३ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी खास प्लास्टिकचे थर पाठवले. आतून गेलेल्या कणांच्या वाटा नंतर रसायनाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली वाचल्या. त्यात वापरलेलं सीआर-३९ हे चष्म्याच्या भिंगांचंच प्लास्टिक.

माहिती मिळवायची कशी? एएमएस आणि पामेला, कॅलेट, डॅम्पी ही अवकाशातली तशीच इतर यंत्रं, या सगळ्यांचे आकडे फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या विश्वकिरण डेटाबेसमध्ये खुले आहेत. तिथून एएमएसचे प्रोटॉन उतरवा आणि दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेऊन आलेख काढा. जवळजवळ सरळ रेघ मिळेल. तिचा उतार मोजा, तो उणे २.७ च्या आसपास येईल, म्हणजे ऊर्जा दहापट झाली की कण सुमारे पाचशेपटीने विरळ. मग सर्व आकड्यांना ऊर्जेच्या २.७ व्या घाताने गुणून पुन्हा काढा. रेघ आडवी होते आणि दोनशे-तीनशे जीव्हीच्या पुढे ती किंचित वर उचललेली दिसते. पामेला आणि एएमएस या दोघांनीही ती पाहिली आहे, आणि तिचं कारण काय यावर अजून काम चालू आहे. बारावीचं गणित येणारी मुलगी एका रविवारी सकाळी तिथवर पोहोचू शकते.

दुसरा सराव: फिनलंडच्या ओउलू इथला न्यूट्रॉन मॉनिटर, म्हणजे विश्वकिरणांच्या फवाऱ्यातले न्यूट्रॉन मोजणारं यंत्र, १९६४ पासून चालू आहे, त्याचे आकडे घ्या आणि सूर्यावरच्या डागांच्या संख्येशेजारी मांडा. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्य जागा असतो, म्हणजे डाग जास्त असतात, तेव्हा विश्वकिरण कमी. मग १० आणि ११ मे २०२४ चे दिवस मोठे करून बघा; मोठ्या सौरवादळाने आकडा कसा खाली गेला ते स्पष्ट दिसतं. याला फोर्बुश घट म्हणतात. तिसरा: नासाच्या व्हॉयेजर-१ यानाचे २०१२ चे आकडे. २५ ऑगस्टच्या सुमारास सूर्याकडचे कण जवळपास नाहीसे होतात आणि आकाशगंगेतले एकदम वाढतात. यान सूर्याच्या अंगणाबाहेर पडलं ते असं कळलं. आपल्या आदित्य-एल१ चे आकडे इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर नोंदणी करून मिळतात.

सगळ्यात वरच्या ऊर्जांना मात्र उपग्रहही पुरत नाही. एका ऊर्जेपुढे चौरस मीटरवर वर्षाला एखादाच कण येतो, आणि एवढंसं यंत्र किती वर्षं वाट बघणार? तिथे पुन्हा जमिनीवर यावं लागतं, पण मोठं अंगण घेऊन. ऊटीला २,२०० मीटरवर ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे: चारशेच्या आसपास शोधक आणि ५६० चौरस मीटरची म्यूऑन दुर्बीण. डिसेंबर २०१४ मधल्या एका गडगडाटी ढगाने म्यूऑनची संख्या किंचित घटवली, आणि त्या घटीवरून त्यांनी ढगातला विद्युतदाब काढला: १.३ अब्ज व्होल्ट. ती दुर्बीण दिवसाला सुमारे चारशे कोटी म्यूऑन मोजते. तुम्ही चौदाशे. दोन्हींचं वर्गमूळ काढा, टक्केवारी मांडा, आणि मग ठरवा की ढगाचा परिणाम तुमच्या यंत्रावर दिसायला किती नळ्या लागतील. हा हिशेब करून वही घेऊन आलात, की फुग्याचा अर्ज लिहायला मी तुमच्याबरोबर बसेन.